ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यावर प्रारंभीचे नियंत्रण : वाढ आणि आतड्यांचे आरोग्य

ठाणे जिल्ह्यात चैत्र-वैशाखाच्या दिवसांत ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यास एक कटु अनुभव येतो. पक्षी उत्तम वाढलेले असतात, खाद्य भरपूर खात असतात, आणि विक्रीस आठवडा उरला असता भर दुपारी एकाएकी मरू लागतात. मरणाऱ्यांत किरकोळ पक्षी थोडे आणि कळपातील वजनदार पक्षीच अधिक असतात. हे नुकसान साधे नव्हे. ३६ दिवसांच्या पक्ष्याने तोवर सुमारे तीन किलो खाद्य खाल्लेले असते. तीन हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये शेवटच्या आठवड्यात शेकडा तीन पक्षी दगावले, तर ९० पक्ष्यांबरोबर २७० किलो खाद्य, म्हणजे ५० किलोची पाच पोती भरूनही उरेल इतके खाद्य, वाया जाते.

पावसाळ्यात हेच नुकसान निराळ्या रूपाने येते. भाताच्या तुसाची गादी ओली राहते, विष्ठा पातळ होते, शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास भरतो, आणि पक्षी खातात तितके त्यांच्या अंगी लागत नाही.

या दोन्ही अडचणींचे एक मूळ पक्ष्याच्या अतिवेगवान वाढीत आहे. म्हणून कोवळ्या वयात थोडे दिवस खाद्य बेताने देऊन ही वाढ जराशी रोखावी आणि नंतर पक्ष्यास ती भरून काढू द्यावी, असा एक उपाय शास्त्रज्ञांनी सुचविला आहे. यास प्रारंभीचे खाद्यनियंत्रण म्हणतात. हा उपाय खरा आहे. परंतु तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या कळपास लागू केल्यास लाभाऐवजी हानी करतो. यास्तव तो केव्हा करावा आणि केव्हा करू नये, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आजचा पक्षी पूर्वीचा नव्हे

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतील मांसल कोंबड्यांचे वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर एकत्र वाढविण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वाणाचे १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचे ४,२०२ ग्रॅम भरले. खाद्य तेच असता हा फरक केवळ वाणाचा होता.

शेतकऱ्याच्या शेडमध्ये येणारे एक दिवसाचे पिल्लू सुमारे ४० ते ४५ ग्रॅमचे असते. चांगल्या व्यवस्थेत ते सात दिवसांत आपल्या जन्मवजनाच्या चौपटीहून अधिक होते, आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. मांस असे झपाट्याने वाढते. परंतु हृदय, फुप्फुसे व पायांची हाडे त्या मानाने मागे राहतात. शरीरास लागणारा प्राणवायू पुरविताना हृदयावर ताण पडतो. त्यातून काही पक्ष्यांच्या पोटात पाणी साचते, म्हणजे जलोदर होतो. काही पक्षी धडधाकट दिसत असता एकाएकी उलथे पडून मरतात, तर काही पायांनी अधू होतात. पचनाने शरीरात उष्णता निर्माण होते. कोंबडीस घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य मार्ग असतो. मुरबाड-शहापूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजे भरल्या पोटाच्या वजनदार पक्ष्यास ही उष्णता बाहेर टाकता येत नाही.

पहिले दिवस उपासाचे नव्हेत

खाद्यनियंत्रणाचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पिल्लू शेडमध्ये आल्यापासूनचे पहिले दिवस भरपेट खाद्याचे आहेत. त्यांत हात आखडता घेऊ नये.

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो. तो पहिल्या चार-पाच दिवसांत वापरला जातो. याच काळात आतडे शरीराच्या मानाने फार वेगाने वाढते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे अतिसूक्ष्म अंकुर असतात. पचलेले अन्न याच अंकुरांवाटे रक्तात शिरते. अंकुर जितके उंच व दाट, तितके अन्न शोषून घेण्याचे क्षेत्र अधिक. पोटात अन्न पडल्याने या अंकुरांच्या वाढीस चालना मिळते, आणि बलकाचा उपयोगही लवकर होतो. पिल्लास जन्मानंतर एक-दोन दिवस खाद्य न मिळाल्यास अंकुरांची वाढ मागे पडते. उबवणी केंद्रापासून शेडपर्यंत येण्यात पिल्लांचे कित्येक तास आधीच गेलेले असतात. त्यात आणखी उपास घडू देणे म्हणजे पायाच कच्चा ठेवणे होय.

पिल्ले नीट खात आहेत की नाहीत, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पिल्ले आल्यापासून २४ तासांनी शेडच्या निरनिराळ्या भागांतून तीस-चाळीस पिल्ले उचलावीत आणि गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी हळूच चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिल्लाने खाद्य व पाणी दोन्ही घेतले आहे. कठीण लागली तर पाणी कमी पडले आहे. रिकामी लागली तर खाद्य सापडलेले नाही, किंवा ऊब कमी-अधिक आहे. शंभरात ९५ पिल्लांची पिशवी भरलेली असावी. सातव्या दिवशी वजन चौपट झाले नसेल, तर त्या कळपात पुढे खाद्यनियंत्रणाचा विचारच करू नये. जो कळप आधीच मागे आहे त्यास आणखी मागे ओढण्यात अर्थ नाही.

प्रयोगांतून काय दिसले

इस्राएलमधील बेट दागान येथील संशोधक प्लावनिक व हुर्विट्झ यांनी १९८५ पासून या विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी काही दिवस पिल्लांस केवळ जीव धरून राहण्यापुरते, म्हणजे दररोज सुमारे ४० किलोकॅलरी इतकेच, खाद्य दिले गेले. एका किलोत ३,००० किलोकॅलरी असलेल्या खाद्याचे हे प्रमाण दिवसाला सुमारे १३ ग्रॅम भरते. या दिवसांत वाढ जवळजवळ थांबली. नंतर पुन्हा भरपेट खाद्य मिळताच पक्षी वयाच्या मानाने अधिक वेगाने वाढले, खाद्याचा उपयोग अधिक चांगला झाला आणि पोटातील चरबी कमी भरली. नरांनी आठ आठवड्यांपर्यंत बहुतेक तूट भरून काढली. माद्यांना ते तितके साधले नाही.

या मागून मिळणाऱ्या वाढीचे कारण समजण्यास कठीण नाही. लहान शरीरास केवळ जगण्यासाठी लागणारे अन्न कमी असते, त्यामुळे खाल्ल्यापैकी अधिक भाग वाढीस मिळतो. शिवाय पुन्हा खाद्य सुरू होताच प्रथम आतडी, यकृत इत्यादी पचनाचे अवयव सावरतात व शरीराच्या मानाने मोठे होतात. पचनाची चूल आधी पेटते व मग मांस चढते, असे म्हणता येईल.

तथापि पुढील संशोधकांना सर्वत्र सारखे फळ मिळाले नाही. कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाच्या झुबैर व लीसन यांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. नियंत्रण किती कडक, किती दिवस, नर की मादी आणि पुढे वाढीस किती अवधी, यांवर परिणाम अवलंबून असतो, आणि चरबी कमी होण्याबाबत तर निष्कर्ष एकसारखे नाहीत, असे त्यातून दिसते.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने मलेशियातील काम विशेष उपयोगी आहे, कारण तेथील हवाही उष्ण व दमट असते. झुल्किफ्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मादी पिल्लांस चौथ्या, पाचव्या व सहाव्या दिवशी भरपेट खाद्याच्या ४०, ६० किंवा ८० टक्के खाद्य दिले. नंतर ३५ व्या दिवसापासून त्यांना रोज काही काळ कडक उष्ण हवेत ठेवले. ज्यांना ६० टक्के खाद्य मिळाले होते, त्या पक्ष्यांनी उष्णता अधिक चांगली सोसली; त्यांची वाढ व जगण्याचे प्रमाणही अधिक राहिले. कोवळ्या वयातील अल्प ताणाने शरीर पुढील ताणास सज्ज होते, असा याचा अर्थ घेतला जातो.

आतड्यांवरील दोन बाजू

आतड्यांच्या दृष्टीने खाद्यनियंत्रणास दोन बाजू आहेत, आणि ग्रामकार्यकर्त्याने त्या दोन्ही शेतकऱ्यापुढे मांडाव्यात.

पहिली बाजू लाभाची. पक्षी पचवू शकेल त्याहून अधिक खातो, तेव्हा न पचलेले प्रथिन आतड्याच्या शेवटच्या भागात जाते. तेथे क्लॉस्ट्रिडियमसारख्या उपद्रवी जंतूंस ते आयते अन्न मिळते. आतड्याच्या अस्तरास इजा होते, विष्ठा पातळ होते, गादी भिजते, आणि भिजलेल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. खाण्याचा वेग थोडा आवरल्यास अन्न अधिक काळ दाणा भरडणाऱ्या जठरात राहते, नीट भरडले जाते आणि आतड्यावरील भार हलका होतो.

दुसरी बाजू धोक्याची. नियंत्रणाच्या दिवसांत आतड्यातील अंकुर काहीसे आखूड होतात. खाद्य पूर्ववत होताच ते पुन्हा वाढतात. परंतु नियंत्रण कडक व लांब झाले तर ही भरपाई अपुरी राहते. भुकेली पिल्ले गादी उकरून तूस व विष्ठा खातात, आणि त्याबरोबर रोगजंतू पोटात घेतात. खाद्य येताच ती एकमेकांवर तुटून पडतात, अंगावर ओरखडे उठतात आणि धाकटी पिल्ले भांड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे कळपातील वजने विषम होतात. म्हणजे भरपेट खाण्याने जो रोग होऊ नये म्हणून उपाय केला, तोच रोग भुकेच्या वाटेने आत येतो.

हा विचार आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी केली. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या औषधाच्या वापरास मनाई केली. आतडे औषधांच्या आधारावर नव्हे, तर व्यवस्थेच्या आधारावर निरोगी ठेवण्याचे दिवस आले आहेत.

विक्रीचा दिवस आधी पाहावा

खाद्यनियंत्रणाने गेलेली वाढ भरून येण्यास अवधी लागतो. इस्राएलच्या प्रयोगांत तो आठ आठवड्यांचा होता. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व भिवंडीच्या बाजारांसाठी पक्षी पाच-सहा आठवड्यांतच उचलले जातात. यास्तव लहान वजनाच्या पक्ष्यास मागणी असून कळप ३०-३२ दिवसांत विकावयाचा असेल, तर नियंत्रण करू नये; तूट भरून निघण्यापूर्वीच तराजू समोर येईल. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, मागणीसाठी वाढविलेल्या कळपाचा विक्रीचा दिवस ठरलेला असतो. त्या कळपासही हे लागू आहे. याउलट श्रावणात मागणी घटते, उचल लांबते आणि पक्षी सहा आठवड्यांपुढे शेडमध्ये राहून जड होतात. ज्या कळपाचे शेवटचे दिवस श्रावणात किंवा कडक उन्हाळ्यात पडणार आहेत आणि ज्यास ४० दिवसांहून अधिक काळ ठेवावयाचे आहे, त्याच कळपात सौम्य नियंत्रणाचा विचार करण्यासारखा आहे.

करार पद्धतीने पक्षी पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. या पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची असतात आणि शेतकऱ्यास संगोपनाचा मोबदला मिळतो. एक किलो वजनास किती किलो खाद्य लागले, म्हणजे एफसीआर किती आला, यावर तो मोबदला बव्हंशी ठरतो. अशा कळपात कंपनीच्या सुपरवायझरला सांगून व त्याची संमती नोंदवहीत घेऊनच बदल करावा.

प्रत्यक्ष कृती

सर्व कळपावर एकदम प्रयोग करू नये. शेडच्या एका बाजूस जाळी लावून प्रत्येकी २०० पक्ष्यांचे दोन शेजारी कप्पे करावेत. हवा, गादी व उजेड दोहोंत सारखा असावा.

१. सातव्या दिवसापर्यंत दोन्ही कप्प्यांस भरपेट खाद्य द्यावे. सातव्या दिवशी प्रत्येक कप्प्यातील ३० पक्षी वजन करून नोंद ठेवावी.

२. आठव्या ते बाराव्या दिवसापर्यंत, म्हणजे केवळ पाच दिवस, एका कप्प्यास कमी खाद्य द्यावे. शेजारच्या भरपेट कप्प्याने आदल्या दिवशी जितके खाद्य खाल्ले, त्याच्या ८० टक्के आज द्यावे. उदाहरणार्थ, तेथे २०० पक्ष्यांनी ८ किलो खाल्ले असल्यास येथे ६ किलो ४०० ग्रॅम द्यावे.

३. खाद्याची भांडी नेहमीपेक्षा अधिक मांडावीत. सर्व पिल्ले एकाच वेळी खाऊ शकतील इतकी जागा असलीच पाहिजे. दिवसाचे खाद्य दोन-तीन वेळांत विभागून द्यावे.

४. पाणी कोणत्याही परिस्थितीत कमी करू नये.

५. लसीकरणाचा दिवस या पाच दिवसांत येत असेल, तर त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी भरपेट खाद्य द्यावे. आजारी, थंडीने गारठलेल्या किंवा विष्ठेत रक्त दिसणाऱ्या कळपात नियंत्रण तत्काळ थांबवावे.

६. तेराव्या दिवसापासून दोन्ही कप्प्यांस सारखे भरपेट खाद्य द्यावे. २१, २८ व ३५ व्या दिवशी आणि विक्रीच्या दिवशी वजने घ्यावीत. मरतुक, गादीची स्थिती व एकूण खाद्य यांची नोंद ठेवावी.

विक्रीच्या दिवशी दोन्ही कप्प्यांचा हिशेब समोरासमोर मांडावा. दुसऱ्या आठवड्यात वाचलेल्या खाद्यावर समाधान मानू नये. रोज दहा ग्रॅमप्रमाणे पाच दिवसांत एका पक्ष्यामागे ५० ग्रॅम, आणि तीन हजार पक्ष्यांमागे १५० किलो खाद्य वाचले असे दिसेल. पण त्यातील बराच भाग पक्षी पुढे खाऊन घेतात. खरा लाभ शेवटच्या आठवड्यात किती पक्षी जिवंत राहिले आणि विकलेल्या प्रत्येक किलोस किती खाद्य लागले, यातच दिसतो.

अधिक सोपे दोन उपाय

ज्यास मोजून खाद्य देणे व नोंदी ठेवणे शक्य नाही, त्याने वरील मार्गास जाऊ नये. त्याच्यासाठी दोन सौम्य उपाय आहेत.

पहिला उपाय रात्रीच्या अंधाराचा. पहिल्या आठवड्यात पिल्लांस जवळजवळ दिवसरात्र उजेड लागतो. सातव्या दिवसानंतर रात्री सलग चार ते सहा तास दिवे बंद ठेवावेत. अंधारात पक्षी खात नाहीत, विसावा घेतात. अंधार रोज ठरलेल्या वेळीच करावा, म्हणजे त्यापूर्वी पिशवी भरून घेण्याची सवय पक्षी आपोआप लावून घेतात.

दुसरा उपाय उन्हाळ्यातील दुपारचा. चौथ्या आठवड्यानंतर सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वीच, खाद्याची भांडी वर उचलावीत आणि सायंकाळी चार-पाच वाजता हवा उतरल्यावर खाली सोडावीत. खाल्ल्यानंतर काही तासांनी पचनाची उष्णता वाढते. ती भर उन्हाच्या वेळेशी गाठ पडू नये, हा यातील हेतू. भर उन्हात भांडी उचलण्यासाठी पक्ष्यांत शिरून त्यांची धावाधाव करू नये. तीच घातक ठरते. थंड पाणी भरपूर ठेवावे. जे दिवसा खाल्ले नाही ते रात्रीच्या गारव्यात खाता यावे म्हणून या दिवसांत अंधार चार तासांहून अधिक ठेवू नये.

प्रत्येक मृत्यू खाद्याचा नव्हे

शेवटी एक इशारा. पक्षी मरू लागले की उन्हाला किंवा खाद्याला दोष देऊन स्वस्थ बसणे धोक्याचे असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर पक्षी दगावले. तपासणीत तो बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले आणि परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून मरतुक एकाएकी वाढल्यास मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, विकू नयेत. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

ब्रॉयलर पिल्लू हे धावत्या वाढीचे जनावर आहे. पहिल्या आठवड्यात त्याचा पाया भरपेट खाद्याने पक्का करावा, दुसऱ्या आठवड्यात गरज व अवधी असेल तरच थोडा लगाम घालावा, आणि शेवटच्या आठवड्यात उन्हाची वेळ सांभाळावी. हा क्रम उलटा झाला तर आरंभीचे उपाशी पिल्लू अखेरपर्यंत मागेच राहते. ग्रामकार्यकर्त्यांनी एका गावात एक तरी शेड निवडून वरील दोन कप्प्यांचा हिशेब शेतकऱ्यांच्या समक्ष पूर्ण करून दाखवावा. स्वतःच्या शेडमधील वजनकाट्याने दिलेली साक्ष शेतकऱ्यास सर्वांत अधिक पटेल.